टॉवर ब्रिजवरून बस मागे वळवू नका

प्रति,
लंडन दाखवणाऱ्या मराठी सहल कंपन्यांचे संचालक आणि सहल व्यवस्थापक

स. न. वि. वि.

मे महिना लागला की टॉवर हिलच्या उतारावर मराठी ऐकू येऊ लागतं. ‘अहो, पाण्याची बाटली बसमध्येच राहिली’, ‘आजींना कुणीतरी हात द्या रे’, ‘कोहिनूर बघायचा तर रांगेत आत्ताच लागा’. एकसारख्या टोप्या घातलेली चाळीस-पन्नास माणसं आणि पुढे मिटलेली छत्री उंच धरून चालणारा तुमचा माणूस. मी बरीच वर्षं या शहरात राहतो. मराठी कानावर पडलं की पाय आपोआप थांबतात, त्यामुळे तुमचा कार्यक्रम मला तुमच्याइतकाच पाठ झाला आहे. टॉवर ऑफ लंडनचा किल्ला, कोहिनूर, टॉवर ब्रिजसमोर सगळ्यांचा एक फोटो, मोकळा वेळ वीस मिनिटं, आणि मग बस पश्चिमेकडे वळते ती थेट मेणाच्या पुतळ्यांपाशी थांबते.

माझी विनंती एवढीच आहे, की एक दिवस ती बस रिकामी पुढे पाठवा आणि माणसांना नदीच्या काठाकाठाने पूर्वेकडे पायी न्या. सेंट कॅथरिन गोदी, वॉपिंग, शॅडवेल, लाइमहाउस. अंतर साडेतीन-चार किलोमीटर, रस्ता सपाट. हमाल, नावाडी, खलाशी, दोर वळणारे आणि कोळसा उपसणारे लोक शे-दोनशे वर्षं जिथे राहिले तो हा थेम्सचा काठ. आणि तो आपल्या माणसांना परका मुळीच नाही.

हे पत्र लिहायला एक निमित्त झालं. दोन वर्षांपूर्वी माझ्या शाळासोबत्याचे चाचा तुमच्यापैकीच एका कंपनीच्या सहलीतून आले होते. कुठल्या ते सांगत नाही, कारण तक्रार एकट्या त्या कंपनीची नाही. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांचा आजा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. कोकणात ‘बोटीवर आहे’ म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही, तसं. लंडनला आल्यावर चाचांनी सहल व्यवस्थापकाला विचारलं, ‘इथे जुनं बंदर कुठे आहे हो?’ त्या मुलाने अगदी अदबीने त्यांना पर्यटकांच्या क्रूझच्या धक्क्याकडे बोट दाखवलं. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी चाचांनी मला फोन केला. दुसऱ्या दिवशी खरेदीचा दिवस होता. तो सोडून आम्ही दोघं निघालो.

पहिला थांबा तुमच्या बसथांब्यापासून दोन मिनिटांवर आहे आणि तुमची माणसं रोज त्याच्याकडे पाठ करून किल्ल्याचे फोटो काढतात. टॉवर हिलवर ट्रिनिटी स्क्वेअरच्या बागेत व्यापारी जहाजांवर मेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धाचा भाग १९२८ साली उघडला, दुसऱ्याचा १९५५ साली. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा सुमारे छत्तीस हजार माणसांची नावं काशाच्या पत्र्यांवर आहेत, जहाजवार मांडलेली. चाचा चष्मा कपाळावर सरकवून एकेक जहाज वाचत गेले. त्यांचा आजा युद्धात गेला नव्हता, म्हातारपणी घरीच गेला. तरी ते वाचत होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘अरे, ह्या बोटींवर अर्धी माणसं आपली असायची. मग नावं सगळी साहेबांचीच कशी?’

भारतीय खलाशांच्या स्मरणाची व्यवस्था वेगळी केली गेली, हे मी त्यांना सांगितलं. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत आहे, मशीद बंदरच्या खलाशीगृहात. दुसऱ्या युद्धातल्या नावांच्या नोंदवह्या मुंबईला आणि चितगावला ठेवल्या आहेत. चाचा माझ्याकडे बघतच राहिले. ‘मशीद बंदरला मी तीस वर्षं धंदा केला,’ ते म्हणाले. ‘रोज तिथून जायचो. मला कुणी सांगितलं नाही.’

तिथून टॉवर ब्रिजच्या खालून पलीकडे गेलं की सेंट कॅथरिन गोदी. आज तिथे श्रीमंतांच्या नौका डुलत असतात आणि पाण्याच्या कडेला खाण्यापिण्याची टेबलं मांडलेली असतात. तुमचे काही गट इथपर्यंत येतात हे मान्य. पण ‘किती सुंदर ना!’ म्हणून परततात. ही गोदी १८२८ साली उघडली. ती खणण्यासाठी इथली सुमारे साडेबाराशे घरं पाडली आणि अकरा हजारांवर माणसं उठवली. भरपाई घरमालकांना मिळाली. भाड्याने राहणाऱ्यांनी बोचकी उचलली आणि शेजारच्या आधीच खच्चून भरलेल्या गल्ल्यांत जागा शोधली. धरणाखाली गाव गेलेला माणूस तुमच्या प्रत्येक बसमध्ये एखादा तरी असतो. त्याला हे दोन वाक्यांत कळतं, फक्त कुणीतरी ती दोन वाक्यं बोलायला हवीत.

पुढे वॉपिंग हाय स्ट्रीट. हाय स्ट्रीट म्हटल्यावर दुकानं डोळ्यांपुढे येतील, तर तसं काही नाही. दगडी फरसबंदीचा अरुंद रस्ता आणि दोन्ही अंगांना पाच-सहा मजली विटांच्या वखारी. भिंतीवर अजून काही ठिकाणी माल वर ओढायच्या लोखंडी याऱ्या आहेत आणि प्रत्येक मजल्यावर थेट हवेत उघडणारं दार. आता त्या दारांना काचा आहेत आणि आत महागडी घरं. चहा साठवण्यासाठी १८७० साली बांधलेली ऑलिव्हर्स वखार अशी घरं झालेल्या पहिल्या काही वखारींपैकी. तिच्या बाजूला एक जुना पब आहे आणि दोहोंच्या मधून माणूस जेमतेम जाईल एवढी बोळ. तुमच्या माणसांना या बोळीत घाला.

बोळीच्या टोकाला पायऱ्या आहेत. वॉपिंग ओल्ड स्टेअर्स. आपण याला घाटच म्हणू. नदीवर पूल मोजके होते तेव्हा हे घाट म्हणजे शहराचे रिक्षाथांबे. नावाडी पायरीपाशी नाव लावून गिऱ्हाइकाला हाका मारत. त्यांची भाडी ठरवून देणारा कायदा १५१४ सालचा आहे. आणि होडीवाला जास्त मागतो ही तक्रारही तितकीच जुनी असणार.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. हे मुद्दाम जमवलं होतं. थेम्सला इथे सहा-सात मीटर भरती-ओहोटी येते, दिवसातून दोनदा. भरतीला गेलात तर चार पायऱ्या आणि काळं पाणी. ओहोटीला गेलात तर नदी मधोमध सरकलेली असते आणि पायऱ्या खाली खाली जात राहतात, वरच्या कोरड्या, मधल्या हिरव्या शेवाळाच्या, शेवटच्या इतक्या झिजलेल्या की मधोमध वाटीसारखा खळगा. खाली वाळू, गोटे, गंजलेले खिळे, फुटकी कौलं. आणि पांढऱ्या खडूच्या तुकड्यांसारखं काहीतरी विखुरलेलं. ते खडू नव्हेत. जुन्या मातीच्या चिलमींच्या दांड्या आहेत. तंबाखू ओढून संपली की खलाशी आणि हमाल त्या फेकून देत, आज आपण पेपर कप फेकतो तशा. चाचांनी एक तुकडा उचलला, छिद्रातून आभाळ पाहिलं आणि होता तिथे परत ठेवला. ठेवायलाच हवा. किनाऱ्यावरच्या वस्तू शोधायला आणि न्यायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, हे गटाला आधीच सांगा, नाहीतर आपली मंडळी पिशव्या भरतील.

याच पट्ट्यात कुठेतरी एक्झिक्यूशन डॉक होता, समुद्री लुटारूंना फाशी द्यायची जागा. कॅप्टन किडला १७०१ साली इथेच टांगलं. इंग्रजी वाटाडे यावर पंधरा मिनिटं रंगवून बोलतात. तुम्ही एकच सांगा: किडने पळवलेलं मोठं जहाज बंगालहून सुरतेला निघालं होतं, आणि मुघल दरबाराच्या रागाने कंपनी सरकारच्या पोटात गोळा आला होता. मग पुढे चला.

पुढे पोलिसांची चौकी येते. साधीशी इमारत, चुकून निघून जाल. थेम्सवरचं हे पोलीस दल १७९८ साली सुरू झालं, लंडनच्या महानगर पोलिसांच्या एकतीस वर्षं आधी. कारण? वेस्ट इंडीजहून येणारी साखर आणि रम जहाजातून उतरताना गळत होती. दलाचा खर्च सुरुवातीला मुख्यतः व्यापाऱ्यांनीच उचलला. हमालांच्या हिशेबी सांडलेली साखर घरी नेणं हा वहिवाटीचा हक्क होता, व्यापाऱ्यांच्या हिशेबी ती चोरी. ती साखर मुळात कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली होती, हे त्या भांडणात कुणीच बोलत नव्हतं. त्यानंतर चार वर्षांनी, १८०२ साली, वेस्ट इंडिया गोदी उघडली तीच मुळी उंच भिंती आणि पहारे घालून. भिंतीआड गेल्यावर माल सुरक्षित झाला. माणूस मात्र दाराबाहेर राहिला.

आता इथे माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, की थोडं थांबा. कारण या काठाचा खरा विषय दार आहे. सकाळी गोदीच्या फाटकाशी शेकडो माणसं गोळा होत. मुकादम येई, बोटाने निवडी: तू, तू, मागचा तू. निवडला गेला त्याला काही तासांचं काम, उरलेले घरी. आपल्याकडे मजूर नाक्यावर सकाळी आठला हेच चित्र दिसतं, त्यामुळे मराठी माणसाला समजावून सांगायला एक मिनिटही लागत नाही. १८८९च्या ऑगस्टमध्ये या माणसांनी संप पुकारला. मागणी होती ताशी सहा पेनी, आणि एकदा बोलावलं तर निदान चार तासांचं काम. सहा पेनीच्या नाण्याला तिथल्या बोलीत ‘टॅनर’ म्हणत, म्हणून तो ‘टॅनरचा संप’. बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स ही त्यातल्या पुढाऱ्यांची नावं. संप महिनाभर टिकला, कारण ऐन वेळी ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी आणि सामान्य लोकांनी तीस हजार पौंडांहून अधिक पैसे पाठवले. सप्टेंबरच्या मध्याला टॅनर मंजूर झाला. मुकादमाचं बोट मात्र इतक्या सहजी हटलं नाही. गोदी कामगारांच्या नोंदणीची योजना ब्रिटनमध्ये आली १९४७ साली. आणि मुंबईच्या गोदीतल्या टोळीवाल्यांना लागू झालेला आपला कायदा १९४८चा. तुमच्या बसमध्ये गोदीतून निवृत्त झालेला कुणी असेल तर माईक त्याच्या हातात द्या, मी हमखास सांगतो, वाटाड्यापेक्षा तो चांगलं बोलेल.

वॉपिंगचं रेल्वे स्टेशन रस्त्यावरून बघण्यासारखं नाही. तिकीट असेल तर मात्र फलाटावर उतरून टोकाला उभे राहा. अंधारात शिरणाऱ्या दोन कमानी दिसतात. नौकानयन चालणाऱ्या नदीखालून खणलेला हा जगातला पहिला बोगदा. मार्क ब्रुनेलने १८२५ साली काम सुरू केलं, उघडला १८४३ साली. मधे नदी अनेकदा आत घुसली. १८२८च्या जानेवारीत सहा मजूर बुडाले. ब्रुनेलचा मुलगा इझम्बार्ड त्यातून थोडक्यात वाचला आणि पुढे नामांकित इंजिनीअर झाला; ते सहा जण कुणाच्या भाषणात येत नाहीत. आता त्यातून दर काही मिनिटांनी लोकल जाते आणि आतली माणसं मोबाइलमध्ये असतात.

शॅडवेल भरभर ओलांडा, पाय दुखायला लागलेले असतात. वेळ असेल तर मात्र नदी सोडून थोडं उत्तरेला, केबल स्ट्रीटला. जहाजांचे जाड दोर वळायला लांब सरळ जागा लागे, त्यावरून रस्त्याचं हे नाव. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोझलेचे काळ्या शर्टवाले फॅसिस्ट ज्यू वस्तीतून मोर्चा नेणार होते. ज्यू, आयरिश गोदी कामगार आणि कम्युनिस्टांनी रस्ते अडवले आणि पोलिसांनाही तो मोर्चा पुढे नेता आला नाही. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर त्याचं प्रचंड चित्र आहे. जवळपास जॅक द रिपरने केलेल्या खुनांच्या सहली चालतात. रात्री कंदील घेऊन ‘इथे तिचा गळा चिरला’ असं ओरडत फिरवतात. कृपा करून तो धंदा तुम्ही उचलू नका.

लाइमहाउसला चाचांना मी जिथे नेलं तिथे बघायला काहीच नाही. वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ साली आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्राकडच्या खलाशांसाठी ‘स्ट्रेंजर्स होम’ उघडलं होतं, परक्यांचं घर. पायाभरणी राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने केली, देणगीदारांत पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीप सिंग होते. एका फेरीचं काम संपलं की जहाज कंपन्या भारतीय खलाशांना धक्क्यावर सोडून देत, परतीचं जहाज मिळेपर्यंत. थंडीत रस्त्यावर मेलेल्या लास्करांच्या कहाण्या तेव्हाच्या मिशनऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. ‘लास्कर’ म्हणजे आपलं लष्कर. इंग्रजांच्या तोंडी तो शब्द भारतीय खलाशासाठी रुळला. पुढे मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर कामं मुलखावार वाटलेली असत: डेकवर रत्नागिरीचे आणि गुजरात किनाऱ्याचे, इंजिनखोलीत पंजाबी-पठाण, सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या सेवेत, गोव्याचे. सारंग आपल्याच गावची पोरं भरती करी. त्यांचा पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, आणि झोपायला जागाही कमी, तीही नियमाने.

ते घर १९३७ साली बंद झालं, पाडलं गेलं. रस्त्यावर वाहनांचा गोंगाट होता. चाचा पदपथावर उभे राहिले, दोन्ही हात पुढे धरून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले आणि हात चेहऱ्यावरून फिरवले. मग मला म्हणाले, ‘आजा सांगायचा, टिलबरीला उतरलो की थंडीने दात वाजायचे. आम्ही पोरं हसायचो.’

यापुढे दहा-पंधरा मिनिटांवर वेस्ट इंडिया गोदीतली १८०२ची साखरेची वखार आहे. २००३ पासून तिथे गोदींचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, बसायला बाक आणि स्वच्छतागृह. दारासमोर या गोदीचा एक संस्थापक आणि गुलामांचा मालक रॉबर्ट मिलिगन याचा पुतळा होता, तो २०२० साली उचलला. साठच्या दशकानंतर कंटेनर आले. मोठी जहाजं वर येईनात. १९८१ पर्यंत लंडनच्या सगळ्या जुन्या गोदी बंद झाल्या. आता तिथे कॅनरी वॉर्फचे बँकांचे मनोरे उभे आहेत. बस तिथे बोलावून घ्या.

आता तुमचे आक्षेप. मी काही व्यवस्थापकांशी बोललो आहे, त्यामुळे ते मला पाठ आहेत. ‘लोकांना तिथे बघायला काय मिळणार?’ हा पहिला. ज्यांच्या घरात गोदी, गिरणी किंवा बोट होती अशी किती कुटुंबं तुमच्या यादीत आहेत ते एकदा मोजा, मग हा प्रश्न मला विचारा. ‘ज्येष्ठ नागरिक चालणार नाहीत’ हा दुसरा. त्यांच्यासाठी अर्धाच रस्ता करा, टॉवर ब्रिज ते वॉपिंग स्टेशन. तासाभराच्या आत होतं आणि पुढे लोकल आहे. ‘कार्यक्रमात जागा नाही’ हा तिसरा. खरेदीचा दिवस अर्धा करा. चौथा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, तो म्हणजे पायी चालण्यात कमिशन नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मात्र न्याल तर नीट न्या. पन्नास माणसांचा तांडा त्या बोळीत मावत नाही, पंधरा-पंधराचे गट करा. कर्णा वापरू नका. वखारींत आता लोक झोपतात, आणि वखारींच्या मागे नगरपालिकेच्या चाळवजा इमारतींतून जुनी गोदीतली कुटुंबं, बंगाली कुटुंबं राहतात. त्यांच्या खिडकीत कॅमेरे खुपसणं बरं नव्हे. आपल्याकडे गिरणगावात परदेशी पाहुणे दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढत फिरतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं ते आठवा. नदीकडे जाणाऱ्या काही वाटा नव्या इमारतींच्या फाटकातून जातात. त्या सार्वजनिक असतात पण रात्री बंद होतात, म्हणून दिवसाच जा. आणि वाटाड्या इंग्रजी असला तरी चालेल, पण त्याला ‘सारंग’ आणि त्याच्या हाताखालचा ‘तांडेल’ हे दोन शब्द माहीत असू द्या.

चाचा आता नाहीत. त्यांच्या पुतण्याने मला मशीद बंदरच्या खलाशीगृहाचे फोटो पाठवले. चाचा परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन आले होते. पुढच्या हंगामाचं तुमचं पत्रक छापायला जाण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं एवढीच इच्छा.

कळावे,
आपला,
थेम्सकाठचा एक पायपीट करणारा

ता. क. ओहोटीची वेळ रोज बदलते, आदल्या दिवशी तक्ता बघून निघा. पाणी परत चढायला लागलं की खाली रेंगाळू नका, ते दिसतं त्यापेक्षा वेगाने येतं. हिरव्या पायऱ्यांवर चपला नकोत. आणि संग्रहालयापर्यंत स्वच्छतागृहं मोजकीच आहेत, तेव्हा सकाळचा दुसरा चहा टाळायला सांगा.